एका नावेत तिघे

नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हाच ओलं होतं.
या बेटावर सगळं ओलंच येतं: पाव, काडेपेट्या, मेलेल्यांच्या बातम्या.
देओलिंदानं ते भट्टीच्या कडेला वाळत घातलं
आणि दुपारी, शाई जरा शुद्धीवर आल्यावर, वाचलं:

‘बेल्शिओर मोनीश गल्ली. पाटी नवी करावी.
नावाखाली जन्ममृत्यूची सालं घालावीत.
आठ फरशा, निळा रंग, पंधरा दिवस.’

निळा रंग आहे. फरशा आहेत.
पण सालं कुणाची?

धक्क्यावर उभा आहे तो कप्तान.
चाळीस माणसं घेऊन गेला, अकरा घेऊन आला,
त्या अकरांनी जन्मभर त्याचं नाव काढलं
की त्याला नावं ठेवली,
यावर गुत्त्यात अजून बाटल्या फुटतात.
मास्तर अनिसेतु म्हणतात, अर्थात तोच!
पण कप्तान वारला तेव्हा ही गल्लीच नव्हती.
इथं संत्र्यांची बाग होती, आणि बागेला कुत्रा.

औषधवाली व्हितालिना म्हणते, छे, डॉक्टर मोनीश.
साथीच्या वर्षी त्यानं बंदराला साखळी घातली,
चाळीस दिवस एक होडी आत येऊ दिली नाही.
लोकांनी बियाण्याचे बटाटे खाल्ले,
मग त्यांच्या साली, मग त्याला शिव्या दिल्या.
शेजारच्या बेटावर घंटा वाजवायला माणूस उरला नाही.
इथले सगळे जगले,
आणि जगलेल्यांनी त्याला कधी माफ केलं नाही.
पतवंडांना मात्र काहीतरी वाटत असावं:
दर फेब्रुवारीत कुणीतरी डॉक्टरसाठी फुलं आणतं
आणि दुसरी जागाच नाही म्हणून
कप्तानाच्या बुटांपाशी ठेवून जातं.

तिसरा सापडला चौदा नंबरात, फिर्मिनाबाईंकडे.
वय चौऱ्याण्णव, दात एक, आवाज दोन माणसांचा.
मांडीवर पणजोबांच्या गुत्त्याची वही.
‘बेल्शिओर मोनीश, तीन पेले, उधार.’
पान उलटलं.
‘बेल्शिओर मोनीश, तीन पेले, उधार.’
बावीस वर्षं. एकाही ओळीवर काट नाही.
‘वसुलीला पोऱ्या पाठवायचे ना, तेव्हा सांगायचे,
जा, मोनीशच्या गल्लीत जा.
आधी पोऱ्या शिकला, मग पोस्टमन.
नाव असं पडतं, पोरी.
गळक्या छपरातून पाणी पडतं, तसं.’

‘आणि त्यानं केलं काय, आयुष्यात?’
म्हातारी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
‘प्यायला,’ म्हणाली.
‘आणि ती बाहेरची पायरी बसवली, काळ्या दगडाची.
माझी वरात आणि दोन शवपेट्या तिच्यावरून गेल्या.
हलली नाही.’

भाजण्याआधी निळा रंग निळा नसतोच.
नुसती करडी भुकटी; फुंकर मारली की साल उडून जातं.
देओलिंदानं कप्तानाचं साल लिहिलं. फुंकर मारली.
डॉक्टरचं लिहिलं. पुसताना बोट थांबलं थोडं, मग पुसलं.
तिसऱ्याचं साल वहीतही नव्हतं,
तिथं नुसतीच फुंकर मारली.

मग नावाखाली तिनं एक नाव काढली:
लहानशी, दोन वल्ह्यांची, तीन माणसांची.
एक उभा, लांब कुठंतरी बघतोय.
एक ओणवा, पाणी उपसतोय.
तिसरा किनाऱ्याकडे पाठ करून बसलाय,
तिकडे कुणी वही घेऊन उभं असल्यासारखा.

नगरपालिकेच्या कारकुनानं पाटी मोजली.
आठ फरशा, बरोबर.
रजिस्टरात लिहिलं: सालं घातली.

देओलिंदाचे पैसे मात्र अजून यायचेत.